पावतीपुस्तकामागचा माणूस

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले, की मशिदीच्या दाराशी संध्याकाळी एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. खजूर आणि फळे वाटून रोजा सोडला जातो, मगरिबची नमाज आटोपते आणि माणसे बाहेर पडू लागतात. तेवढ्यात पायरीच्या कडेला दोन-तीन जण उभे असतात. हातात पावतीपुस्तक, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत संस्थेचे माहितीपत्रक आणि कुणा मौलानांचे शिफारसपत्र. एक जण दूरच्या मदरशासाठी आलेला, दुसरा मराठवाड्यातल्या यतीमखान्यासाठी, तिसरा आपल्याच गावातल्या रुग्णवाहिकेच्या डिझेलसाठी. देणारा चप्पल पायात सरकवता सरकवता शंभराची नोट काढतो, पावती घेतो आणि न वाचताच खिशात टाकतो.

त्या पावतीवर रकाने छापलेले असतात: जकात, सदका, इमदाद. कोणत्या रकान्यात रक्कम गेली, हे देणाऱ्याने पाहिलेले नसते. पावती फाडणारा माणूस सकाळी सहरी करून निघालेला आहे, दिवसभर रोज्याने फिरला आहे, रात्री कुठल्या तरी मशिदीच्या खोलीत झोपणार आहे. त्याला या कामाचे काय मिळते, हे विचारण्याचा तर रिवाजच नाही.

समाजाच्या पैशावर चालणाऱ्या बहुतेक संस्थांची वर्षभराची बेगमी या एका महिन्यात होते. शव्वालचा चाँद दिसला, ईदची नमाज झाली, की हा ओघ आटतो. मग उरलेले अकरा महिने अभ्यासिकेचे भाडे, शिक्षिकांचा पगार आणि दवाखान्याचे वीजबिल भागवण्यासाठी संस्थेच्या चालकांची धावपळ सुरू होते. कुणी कंपनीच्या सामाजिक निधीसाठी अर्ज करतो, कुणी सरकारी अनुदानाच्या मागे लागतो. तिथेही अनुभव तोच येतो. वह्या, दप्तरे, शिलाई मशीन यांना पैसे मिळतात. त्या वस्तू वाटणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसासाठी मात्र मिळत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर ज्या आयतीत आहे, ती रमजानमध्ये व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. फक्त तिच्यातल्या एका शब्दावर क्वचितच कुणी थांबते.

आठ हक्कदारांतला तिसरा

ज्याच्याकडे गरजा भागून आणि कर्ज वजा जाऊन निसाबइतकी संपत्ती वर्षभर राहिली, त्याच्यावर जकात फर्ज आहे. निसाब म्हणजे साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी, अथवा त्या किमतीची रोकड वा व्यापारी माल. त्यावर चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच रुपये द्यायचे. चार लाखांच्या शिलकीवर दहा हजार. शेतीच्या पिकावर उश्र असतो. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि विहिरीचे पाणी कष्टाने देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. जकात वर्षातून कधीही देता येते. पण रमजानमध्ये पुण्य अनेक पटींनी वाढते या श्रद्धेने बहुतेक जण याच महिन्यात हिशेब करतात.

ही रक्कम कुणाला द्यायची, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. पवित्र कुरआनच्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत: फकीर, मिस्कीन, आमिलीन, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत ते, गुलामगिरीतून सोडवायचे लोक, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले काम आणि वाटेत अडकलेला प्रवासी. पहिले दोन म्हणजे गरीब आणि नाडलेले. ते पहिले यावेत हे कुणालाही पटेल. तिसऱ्या क्रमांकावर आहेत ‘आमिलीन’, म्हणजे जकात गोळा करणारे, तिची नोंद ठेवणारे आणि ती योग्य जागी पोहोचवणारे कर्मचारी. कर्जबाजारी आणि प्रवासी यांच्याही आधी त्यांचा उल्लेख येतो.

आजच्या भाषेत सांगायचे तर संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची तरतूद चौदाशे वर्षांपूर्वी दानाच्या मूळ नियमातच करून ठेवलेली आहे. दान आपोआप पोहोचत नाही. कुणीतरी गावोगाव जावे लागते, खरा गरजू कोण हे तपासावे लागते, धान्याच्या गोण्या मोजाव्या लागतात, वहीत लिहावे लागते. हे काम करणाऱ्याच्या घरीही चूल असते. त्याचा मोबदला त्याच निधीतून द्यावा आणि तो आमिल स्वतः गरीब असण्याची अटही नाही, असे फिकहचे म्हणणे आहे. त्याला मिळते ती मदत नसून मेहनताना आहे.

मेहनताना हवा, नजराणा नको

या बाबतीतले प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातले दोन प्रसंग हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहेत आणि ते एकत्र वाचले पाहिजेत.

पहिला हजरत उमर (रजि.) यांचा. त्यांच्या खिलाफतीच्या काळात अब्दुल्लाह बिन सअदी नावाचे एक सहाबी सार्वजनिक काम करीत. पण मोबदला दिला की नाकारीत. आपले बरे चालले आहे, ही रक्कम मुस्लिमांच्या हितासाठी सदका राहू दे, असे त्यांचे म्हणणे. हजरत उमर यांनी त्यांना समजावले, की प्रेषितांच्या काळात मीही असेच म्हणत होतो. माझ्यापेक्षा गरजू असेल त्याला द्या, असे सांगत होतो. त्यावर प्रेषितांनी बजावले, की हावरेपणा न करता आणि न मागता जे मिळते ते घ्यावे, आपले करावे आणि मग त्यातून सदका द्यावा. फुकट काम करण्यातल्या मोठेपणापेक्षा कामाचा रीतसर मोबदला घेण्याची शिस्त इथे वरचढ ठरली.

दुसरा प्रसंग इब्नुल लुत्बिय्या नावाच्या वसुली अधिकाऱ्याचा. जकात गोळा करून तो मदिनेला परतला आणि म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषित मिंबरवर उभे राहिले आणि सर्वांसमोर त्यांनी विचारले, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे चालून आल्या असत्या काय?

दोन्ही प्रसंगांचा अर्थ सरळ आहे. कामाचा ठरलेला पगार घ्यावा आणि तो उघडपणे घ्यावा. पदाच्या आडून वेगळे काही घेऊ नये. आज काही ठिकाणी वसुली करणाऱ्याला पगाराऐवजी जमलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा दिला जातो. अनेक उलेमांनी या टक्केवारीला हरकत घेतली आहे आणि ठरलेले वेतन द्यावे असे सांगितले आहे. टक्केवारीत संस्थेचेही नुकसान आहे. देणाऱ्याला वाटते आपण शंभर दिले, संस्थेपर्यंत किती पोहोचले हे त्याला कधीच कळत नाही. एकदा शंका आली की पुढच्या रमजानला तो हात आखडता घेतो.

पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) हे कापडाचे व्यापारी होते. खिलाफतीची जबाबदारी आल्यावरही ते खांद्यावर कापड टाकून बाजाराला निघाले होते. सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले आणि बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून त्यांच्या घरखर्चापुरती रक्कम ठरवून दिली. राज्याचा प्रमुख दिवसभर दुकान सांभाळत बसला तर लोकांचे काम कोण करणार, इतका हा व्यवहारी विचार होता.

वह्या मिळतात, बाईंचा पगार मिळत नाही

आता एखाद्या तालुक्याच्या गावातली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणावी. समजा, दहावी-बारावीची ४० मुले-मुली संध्याकाळी तिथे बसतात. घरी एकच खोली, त्यात टीव्ही आणि लहान भावंडे. म्हणून ही जागा. तिचा वर्षाचा खर्च मांडू.

खोलीचे भाडे महिना ६,०००, म्हणजे वर्षाला ७२,०००. गणित आणि इंग्रजी शिकवणाऱ्या दोन बाई, प्रत्येकी महिना ८,०००, म्हणजे १,९२,०००. वह्या-पुस्तके प्रत्येक मुलामागे १,५००, म्हणजे ६०,०००. वीज, पाणी, साफसफाई २४,०००. अर्धवेळ हिशेबनीस महिना ४,०००, म्हणजे ४८,०००. सनदी लेखापालाकडून तपासणी १५,०००. धर्मादाय कार्यालयाच्या खेपा आणि छपाई ९,०००. एकूण ४,२०,००० रुपये. एका मुलामागे वर्षाला १०,५००, महिन्याला ८७५.

या यादीतल्या कोणत्या ओळीला देणगीदार मिळतो? वह्या-पुस्तकांच्या. तिथे फोटो निघतो, वर्तमानपत्रात बातमी येते, मुलांच्या हातात नवी वही दिसते. गंमत म्हणजे ६०,००० च्या वह्यांसाठी तीन-तीन दाते पुढे येतात आणि बाईंच्या १,९२,००० साठी एकही नाही. हिशेबनीस, तपासणी आणि खेपा मिळून होतात ७२,०००, एकूण खर्चाच्या सुमारे १७ टक्के. हा खर्च ‘वरचा’ म्हणून आधी कापला जातो. मग हिशेब चालकाच्या मेहुण्याकडे जातो, तो सवडीने लिहितो, लेखापरीक्षण रखडते. पुढच्या वर्षी मोठ्या निधीसाठी अर्ज करायची वेळ येते तेव्हा तीन वर्षांचे ताळेबंद मागितले जातात आणि ते तयार नसतात. ज्या १७ टक्क्यांना कात्री लावली, त्यांच्यापायी उरलेले ८३ टक्के मिळायचे राहतात.

बाईंचेही तसेच. आठ हजारांत त्या येतात, सहा महिने शिकवतात, दुसरीकडे बारा हजार मिळाले की जातात. मुले पुन्हा पहिल्या धड्यावर. सरकारी योजनाही याला अपवाद नव्हती. महाराष्ट्रात मदरशांत गणित-विज्ञान शिकवण्यासाठी असलेल्या डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. झालेल्या शिक्षकाचे मानधन २०२४ पर्यंत महिना ६,००० रुपये होते. त्या वर्षी राज्य मंत्रिमंडळाने ते १६,००० करण्याचा निर्णय घेतला. सहा हजारांत चांगला गणिताचा शिक्षक टिकत नाही, हे समजायला मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती.

प्रत्येक पैशाची वाट वेगळी

संस्थेच्या पेटीत पडणारा प्रत्येक रुपया सारखा दिसतो, पण त्याच्यासोबत आलेल्या अटी सारख्या नसतात. चालकांची सर्वांत मोठी गफलत इथे होते.

जकातीचे बंधन सर्वांत कडक. हनफी उलेमांच्या मते जकातीची रक्कम पात्र गरिबाच्या मालकीची करून द्यावी लागते. याला ‘तम्लीक’ म्हणतात. त्यामुळे मशीद बांधायला, इमारतीच्या डागडुजीला किंवा खोलीच्या भाड्याला जकात थेट वापरता येत नाही. ती पात्र विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती म्हणून देता येते. त्या अभ्यासिकेतल्या पात्र मुलाला महिना ८७५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याने ती फी म्हणून भरली, तर बाईंचा पगारही निघतो आणि नियमही पाळला जातो. मात्र शिष्यवृत्ती खरोखर त्याच्या हाती पडली पाहिजे; कागदोपत्री फिरवाफिरव नको. सदका-ए-नाफिला, इमदाद, अतिया ही ऐच्छिक देणगी तुलनेने मोकळी. भाडे, वीज, दुरुस्ती तिच्यातून भागते. म्हणून दोन्हींची खाती वेगळी असावीत आणि आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून नियम लिहून ठेवावेत. खासगी संस्थेने नेमलेल्या वसुली कर्मचाऱ्याला ‘आमिल’ मानावे की नाही, यावरही उलेमांत मतभेद आहेत. सावध संस्था त्याचा पगार इमदादीतून देते.

करसवलतीची देणगी ही दुसरी वाट. ‘८० जी’ या नावाने सर्वांना माहीत असलेल्या सवलतीत देणाऱ्याला साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते. रोखीत दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर ती मिळत नाही. आणखी एक अट ट्रस्टचा मसुदा लिहिताना अनेकांच्या ध्यानात येत नाही. संस्था एखाद्याच धर्माच्या वा जातीच्या लाभासाठी स्थापन झाली असेल, तर तिला ही सवलत मिळत नाही. अभ्यासिका ‘सर्व गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले, तर दार सर्वांना उघडे राहते आणि निधीचेही उघडते. मग जकातीची शिष्यवृत्ती मुस्लिम मुलांना आणि मोकळ्या देणगीची इतर मुलांना, अशी व्यवस्था एकाच छताखाली करता येते. शेजारच्या वस्तीतली मुलगी त्याच बाकावर बसून त्याच बाईंकडून बीजगणित शिकते. सदका मुस्लिमेतर गरजूंनाही देता येतो, याबद्दल उलेमांत वाद नाही.

कंपन्यांचा सामाजिक निधी ही तिसरी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्जाने नोंद करावी लागते. या नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती वाचून अनेक संस्था हिशेबनीसाचा पगार अर्जातून स्वतःच काढून टाकतात. वास्तविक ही मर्यादा कंपनीने आपला सामाजिक विभाग चालवण्यासाठी करायच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या, शिकवणाऱ्या, देखरेख करणाऱ्या माणसांचा खर्च प्रकल्पाचाच भाग म्हणून मांडता येतो. मागितलेच नाही, तर मिळणार कसे?

परदेशी देणगी ही चौथी. तिच्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच स्वीकारण्याचे बंधन घातले आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा पैसा देणे बंद केले. पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेला मिळणारा आधार त्यामुळे थांबला. आखातात नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांनाही हे माहीत असावे. भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची ठरते. कोकणातल्या कित्येक गावांच्या जमातींना हा फरक कळायला हवा.

मूळ राखा, फळ वाटा

एका वर्षाची देणगी एका वर्षात संपते. ती कायम कशी टिकवावी, याचेही एक जुने उत्तर आहे.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, हे विचारायला ते प्रेषितांकडे गेले. मूळ जमीन राखून ठेवा आणि तिचे उत्पन्न दान करा, असा सल्ला मिळाला. त्याप्रमाणे ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या मुक्ततेला, प्रवाशांना आणि पाहुण्यांना. त्याच अटींत आणखी एक होती. जो या जमिनीचा कारभार पाहील, त्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण त्यातून स्वतःसाठी संपत्ती साठवू नये. वक्फच्या या आद्य नमुन्यातही कारभाऱ्याची भाकरी विसरलेली नाही आणि त्याच्या हावेला लगामही आहे.

महाराष्ट्रातही ज्यांनी दूरचा विचार केला, त्यांचे काम टिकले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. महाराजांनी तिला जागा दिली, अनुदान दिले आणि तिचे अध्यक्षपदही स्वीकारले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि कोकणी व्यापारी नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली. तरुणपणीच निधन पावलेल्या मुहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या संपत्तीतून मुंबईत मुसाफिरखाना झाला आणि १९३६ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली.

एकाच दात्यावर, मग तो सरकार का असेना, विसंबणे किती धोक्याचे, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी अनुभवले. १९१९ मध्ये काले या गावी सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान स्वातंत्र्यानंतर काही काळ बंद पडले होते. मतभेद झाले आणि अनुदान थांबले; पुढे ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्था बुडाली नाही, कारण तिची मुळे गावागावांतल्या माणसांत होती. स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या घरांचा मुष्टिफंड तिच्या पाठीशी होता. वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत, म्हणून मूठही सर्व घरांतून येई.

रमजानची जकात म्हणजे एका अर्थाने आपला मुष्टिफंडच आहे. ती मूठ दर महिन्याला निघाली तर? ज्याच्यावर वर्षाला १२,००० रुपये जकात निघते, त्याने ती आगाऊ ठरवून दरमहा हजार अशी दिली, तर संस्थेला अकरा महिने वाट पाहावी लागत नाही. वर्ष पूर्ण होण्याआधी जकात देण्यास बहुसंख्य उलेमांची परवानगी आहे. वर्षअखेर हिशेब करून कमी-जास्त असेल ते पुरे करायचे, एवढेच.

देणाऱ्याने विचारावे, घेणाऱ्याने दाखवावे

संस्थेने कागद तयार ठेवावेत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते आणि दरवर्षी तपासलेले हिशेब सादर करावे लागतात. विश्वस्त वारले किंवा बदलले, की बदल अर्ज द्यावा लागतो. कितीतरी चांगल्या संस्थांचे निधीचे अर्ज याच कारणाने अडतात. काम जिवंत माणसे करीत असतात आणि नोंदवहीत विश्वस्त म्हणून वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव असते. नोंदणी, पॅन, करसवलतीचे प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ताळेबंद, ठरावांची वही, एवढे एका फाइलमध्ये असले की निम्मा अर्ज झाल्यासारखाच.

उरलेल्या निम्म्या अर्जात खरे लिहावे. ‘समाजाचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य वाचून कुणी पैसे देत नाही. ४० मुले बसतात, गेल्या वर्षी इतकी दहावीला बसली, इतकी उत्तीर्ण झाली, इतकी मध्येच गळाली आणि का गळाली, हे वाचून देतात. जे जमले नाही तेही लिहावे. निधी देणाऱ्यांनी असंख्य अर्ज वाचलेले असतात, प्रामाणिक आकडा त्यांना ओळखू येतो. आणि खर्चाच्या तक्त्यात हिशेबनीसाची ओळ न लाजता लिहावी.

देणाऱ्यानेही थोडा वेळ काढावा. पावती खिशात टाकण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदणी क्रमांक आहे का? मागच्या वर्षीचा हिशेब पाहायला मिळेल का? आणि तुम्हाला या कामाचा पगार मिळतो की टक्केवारी? तिसरा प्रश्न विचारताना आवाज मऊ असावा. समोरचा रोजेदार आहे. चूक असलीच तर ती त्याची नसून त्याला तसे पाठवणाऱ्यांची आहे. पगार मिळतो असे तो म्हणाला, तर त्याबद्दल नाक मुरडू नये. ‘आमचे सगळे पैसे गरिबालाच गेले पाहिजेत’ हा आग्रह ऐकायला चांगला वाटतो. पण त्याचा परिणाम असा होतो, की गरिबांसाठी काम करणारा आणखी एक माणूस गरीब होतो.

शहरातल्या एखाद्या मोहल्ल्याने ठरवले, की या वर्षी जकात अभ्यासिकेच्या शिष्यवृत्तीला, इमदाद बाईंच्या पगाराला आणि दर महिन्याची मूठ हिशेबनीसाला, तर अशा अभ्यासिकेचे दिवे ईदनंतरही चालू राहतील. चार लाख वीस हजार ही रक्कम एका माणसासाठी मोठी आहे. दरमहा शंभर रुपये देणारी साडेतीनशे घरे असतील, तर ती तेवढ्यातच पुरी होते.

रमजानचे थोडेच दिवस उरले आहेत. ईदगाहला निघण्याआधी सदका-ए-फित्र दिला जाईल, शेवटच्या रात्री जकातीचे आकडे पुन्हा एकदा जुळवले जातील आणि मशिदीच्या पायरीवर तो माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा असेल. त्याला देताना रकाना वाचून द्यावे. जमले तर, रोजा कुठे सोडला, हेही विचारावे.